नळाचं पाणी पेटतं तेव्हा नेमकं काय जळतं?

नळ सोडायचा, धारेजवळ लायटर न्यायचा आणि भपकन जाळ उठतो. फ्रॅकिंग, म्हणजे जमिनीखालचा खोल खडक दाबाच्या पाण्याने फोडून त्यातला वायू काढणं, जिथे चालतं त्या अमेरिकेतल्या खेड्यांचे हे व्हिडिओ अजूनही फिरत असतात. बघणारे म्हणतात, हा बनाव आहे. नाहीतर म्हणतात, रसायनांमुळे पाणीच ज्वालाग्राही झालंय. दोन्ही चूक. जळतो तो पाण्यात विरघळलेला मिथेन. जमिनीखाली दाबामुळे विरघळून राहिलेला हा वायू, सोड्याची बाटली उघडावी तसा, नळ सोडताच बाहेर पडतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. त्याला रंग नाही, वास नाही. १ जानेवारी २००९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉक इथे एका घराच्या विहिरीवरचं काँक्रीटचं झाकण अशाच साठलेल्या वायूच्या स्फोटाने फुटलं.

पण हा मिथेन आला कुठून? "तो इथे आधीपासूनच होता," असं कंपन्या सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात फ्रेडोनियाच्या ओढ्यातून वायूचे बुडबुडे येत, म्हणून १८२१ मध्येच तिथे वायूसाठी विहीर खणली गेली होती. म्हणूनच केवळ पेटता नळ हा पुरावा ठरत नाही.

पुरावा कार्बनच्या अणूंमध्ये असतो, आणि मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. कार्बनच्या शंभर अणूंमध्ये साधारण एक अणू जड, म्हणजे कार्बन-१३ असतो, बाकीचे कार्बन-१२. उथळ थरांत जिवाणू मिथेन बनवतात. हलक्या कार्बनचे बंध तोडायला किंचित कमी ऊर्जा लागते, त्यामुळे त्यांच्या मिथेनमध्ये जड कार्बन कमी उतरतो. प्रमाणित नमुन्याशी तुलना केली तर ही तूट हजारी ६० किंवा त्याहून जास्त भरते. फ्रॅकिंगने जिथून वायू काढतात त्या मार्सेलस शेल या सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या खोल खडकातला वायू मात्र उष्णतेने शिजून तयार झालाय. उष्णता इतकी निवड करत नाही, त्यामुळे तिथे तूट बरीच कमी, अनेकदा हजारी ३०च्या आसपास. शिवाय या वायूत इथेनही असतो, जो जिवाणू जवळजवळ बनवतच नाहीत.

इथे एक अडचण येते. मधल्या थरांतही उष्णतेने बनलेला वायू असतो. म्हणून वायू कुठून आणि कोणत्या वाटेने आला हे ओळखायला संशोधकांनी हेलियम, निऑन, अरगॉन हे कशाशीच अभिक्रिया न करणारे वायूही मोजले. पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सासमधला हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्याच्या दूषित विहिरींचे आठ समूह सापडले. चार ठिकाणी गॅसविहिरीच्या पोलादी नळीभोवतीचं सिमेंट गळत होतं, तीन ठिकाणी नळीच सदोष होती, एका ठिकाणी गॅसविहीर जमिनीखाली निकामी झाली होती. खोल खडकातल्या भेगा वरपर्यंत पोचल्याचं एकाही ठिकाणी दिसलं नाही.

म्हणून "खडक फोडल्याने पाणी बिघडत नाही" हे वाक्य शब्दशः खरं ठरू शकतं आणि तरीही फसवं असतं. घरातल्या माणसाला वायू भेगेतून आला की सिमेंटमधून, याने काय फरक पडतो? या वायूची "स्वच्छ इंधन" ही जाहिरातही तशीच. न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८०पट उष्णता अडवतो.

डिमॉकची काही कुटुंबं वर्षानुवर्षं अंगणातल्या टाक्यांमध्ये बाहेरून आणलेल्या पाण्यावर जगली. २०२२ मध्ये तिथे गॅसविहिरी खोदणाऱ्या कंपनीने न्यायालयात पाणी दूषित केल्याचा आरोप लढवला नाही आणि नव्या जलवाहिनीसाठी सुमारे १ कोटी ६३ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

पेनसिल्व्हेनियाच्या २०१२च्या कायद्यानुसार फ्रॅकिंगच्या गॅसविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा धरला जातो. पाणी आधीच खराब होतं, हे कंपनीने सिद्ध करायचं. सिमेंटला तडा तेराव्या महिन्यात गेला, तर पुराव्याचा भार कुटुंबावर येतो. खोदकामाआधी घेतलेला पाण्याचा नमुना हाताशी नसेल, तर दाखवायला त्यांच्याकडे काय उरतं?