अन्नलेबल (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

अन्नलेबल म्हणजे खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर कायद्याने छापावी लागणारी माहिती. पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, पोषणमूल्ये, निव्वळ वजन, तारखा, उत्पादकाचा पत्ता, शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह व चौदा अंकी परवाना क्रमांक यांचा तीत समावेश होतो. ग्राहकाने ती वाचून हितकर पदार्थ निवडावा आणि त्या दडपणाने उत्पादकानेही मीठ, साखर व चरबी कमी करावी, हे लेबलविषयक धोरणामागील गृहीत आहे. ग्रामीण विदर्भात धान्य व डाळी बऱ्याच अंशी सुट्या घेतल्या जात असल्याने ते गृहीत येथे अर्धेच लागू पडते.

भारतात लेबलाची सक्ती अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा (१९५४) व त्याखालील १९५५ च्या नियमांपासून धरली जाते. पोषणमूल्ये छापण्याची सक्ती मात्र साधारणतः २००८-०९ च्या सुमारास आली. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा असून त्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. लेबलासाठी स्वतंत्र विनियम २०२० मध्ये निघाले. त्यांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक असून मराठी ऐच्छिक आहे. खेड्यातील किराणा दुकानात पाच-दहा रुपयांना मिळणाऱ्या पुड्यावर बारीक इंग्रजी मजकूर आढळतो, त्याचे कारण या तरतुदीत आहे.

वेष्टनाच्या दर्शनी भागावर इशारा असावा की गुणांकन, हा वाद अद्याप मिटलेला नाही. २०१८ च्या मसुद्यात चरबी, साखर किंवा मीठ जास्त असलेल्या पदार्थांवर लाल खूण सुचवली होती. सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात तिच्या जागी तारांकन, म्हणजे पदार्थाला गुणांनुसार तारे देण्याची पद्धत, आले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबतच्या शिफारशी मुदतीत मागवल्या. उद्योगांचा कल तारांकनाकडे आहे, तर सार्वजनिक आरोग्याचे अनेक अभ्यासक चिलीने २०१६ मध्ये लागू केलेल्या काळ्या अष्टकोनी इशाऱ्याचा दाखला देतात. तारांकनात तंतुमय घटकांच्या श्रेयाने साखरेचा दोष झाकला जाऊ शकतो. शिवाय अक्षरओळख बेताची असलेल्यालाही इशारा कळतो. या दोन्ही कारणांनी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

विदर्भाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण पोषणवर्धित तांदळाचे आहे. तांदळाचे पीठ, लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व यांच्यापासून यंत्राने दाणे घडवून ते साध्या तांदळात साधारणतः शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. मानकानुसार किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असते. म्हणजे रोज ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याच्या पोटात त्यातून सुमारे ८ ते १३ मिलिग्रॅम लोह जाते. असा तांदूळ रेशनवर देण्याच्या सरकारी योजनेच्या आरंभीच्या प्रायोगिक जिल्ह्यांपैकी गडचिरोली हा एक होता. त्याच पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार लक्षणीय प्रमाणात आढळतो. २०१८ च्या विनियमांत लोहवर्धित पदार्थाच्या वेष्टनावर थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली तो घ्यावा व सिकलसेलच्या रुग्णांनी टाळावा, अशी सूचना आवश्यक होती; कारण वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साठत जाते. २०२४ मध्ये ती काढण्यात आली. सूचना अनावश्यक मानणाऱ्यांच्या मते रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह जाते, तर अन्नातील लोहाचा थोडाच अंश शोषला जातो. शिवाय रक्त न चढवलेल्या काही रुग्णांत लोहाची कमतरताही असते. हा युक्तिवाद वजनदार आहे. तथापि, वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाला आपल्या ताटातील लोहाची माहिती मिळण्याचा हक्क त्याने संपत नाही.

व्यवहारात तर सूचना असतानाही ती खाणाऱ्यापर्यंत क्वचितच पोचत असे. पोषणवर्धनाचे ‘प्लस एफ’ चिन्ह व मजकूर असतो कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर. कंट्रोलच्या (रेशनच्या) दुकानात तांदूळ मोजून पडतो थैलीत, आणि कट्टा दुकानातच राहतो. घरी तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगतात, रंगानेही थोडे वेगळे दिसतात. त्यांना ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून वेचून टाकले की मिसळलेले लोहही त्यांच्याबरोबर उकिरड्यावर जाते. दुकानातील फलकावर आणि आशाताईंमार्फत मराठी, गोंडी व माडियात हीच माहिती देणे लेबलाइतकेच आवश्यक ठरते.

उद्योगांच्या बाजूने ठोस बदल झाला तो सक्तीमुळे : तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाची (हृदयाला अपायकारक चरबीची) मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के व २०२२ मध्ये २ टक्के झाली. स्थानिक पातळीवर बचत गटांचे पापड, लोणची व मसाले लेबलाच्या कक्षेत येतात. २०२० च्या केंद्रीय सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवण्यात आले; सामाईक ब्रँड व विपणनासाठीही साहाय्याची तरतूद झाली. नुसत्या मसाल्यांना पोषणतक्त्यातून सूट असल्याने भिवापुरी मिरची व वायगाव हळद यांच्या पुड्यांवरील भार हलका होतो; लोणच्याला ती सूट नाही, आणि तक्त्यासाठी प्रयोगशाळेतून तपासणी करून घेणे लहान गटाला जड जाते.

पर्यावरणाचा भार दर्शवणारे लेबल भारतात सक्तीचे नाही. त्याला जवळचे असे सेंद्रिय अन्नाचे २०१७ पासूनचे ‘जैविक भारत’ चिन्ह आहे. शेतकरी गटांनी परस्परांच्या शेतांची पाहणी करून द्यावयाचे सहभागी प्रमाणीकरणही त्यासाठी मान्य आहे. कोरडवाहू ज्वारी, जवस व तूर यांचा कमी पाण्यावर येण्याचा गुण मात्र या चिन्हात कोठेच नोंदला जात नाही.