कॅटेकिझम आणि कॅनन लॉ: रेषा दोन पुस्तकांच्या मधून जात नाही

कॅथलिक शिकवणीवर कुठेही वाद रंगला की कॅटेकिझम (चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक) आणि कॅनन लॉ (चर्चचा कायदा) यांच्या नावाने दोन वाक्यं ठरलेली असतात. एक: ‘हे कॅटेकिझममध्ये लिहिलंय, म्हणजे ते कधीच बदलू शकत नाही.’ दुसरं: ‘हा तर नुसता कॅनन लॉ आहे, पोपच्या मनात आलं तर उद्या बदलेल.’ ही वाक्यं म्हणणारे बहुधा एकमेकांच्या विरोधात उभे असतात, पण दोघांचा समज एकच असतो: एका पुस्तकात सिद्धांत, दुसऱ्यात नियम. समज इतका सुटसुटीत आहे की तो तपासायला पुस्तकं उघडण्याची गरजच कुणाला वाटत नाही. उघडली तर पाच मिनिटांत तो कोसळतो.

कॅटेकिझमबद्दल फार लिहीत नाही, तो बहुतेकांनी चाळलेला असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ ऑक्टोबर १९९२ रोजी तो जाहीर केला, प्रमाण लॅटिन आवृत्ती १९९७ मध्ये आली. २८६५ परिच्छेद, चार भाग: श्रद्धा, संस्कार, आचरण, प्रार्थना. शिकवण्यासाठी लिहिलेलं पुस्तक आहे आणि ते तसंच वाचलं जातं.

कॅनन लॉची संहिता मात्र लोक वाचत नाहीत, फक्त तिचे क्रमांक एकमेकांना फेकून मारतात. सध्याची लॅटिन संहिता २५ जानेवारी १९८३ ला जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला लागू झाली. १९१७ च्या जुन्या संहितेत २४१४ कॅनन (कलमं) होते, हिच्यात १७५२ आहेत. सात खंड आहेत. शिक्षांचा खंड त्यांतला एकच, सहावा. बाकीच्यांत बिशपांचे अधिकार, भाविकांचे हक्क, संस्कार कसे द्यायचे, चर्चच्या मालमत्तेचा कारभार, न्यायालयाची कार्यपद्धती असं सगळं आहे. आणि ही संहिता सगळ्या कॅथलिकांची नाही. पहिलाच कॅनन सांगतो की ती फक्त लॅटिन चर्चसाठी, म्हणजे रोमन परंपरेच्या शाखेसाठी, आहे. सायरो-मलबार, मॅरोनाइट, युक्रेनियन अशा, पोपला मानणाऱ्या पण स्वतःच्या परंपरा असलेल्या पौर्वात्य कॅथलिक चर्चेसची संहिता वेगळी, १९९० ची. ‘कॅथलिक कायदा असं म्हणतो’ या वाक्यावर पहिला प्रश्न हवा तो ‘कुठला?’ हा.

जाडी, भाषा, मांडणी हे फरक कुणालाही दिसतात, त्यांत अडकायचं कारण नाही. खरी गोची पुढे आहे.

कॅटेकिझममध्ये गुरुदीक्षेवरचे (धर्मगुरूपद देण्याच्या संस्कारावरचे) परिच्छेद काढा. १५७७ मध्ये म्हटलंय की दीक्षा फक्त स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या पुरुषालाच वैधपणे मिळते. दोन परिच्छेद पुढे, १५७९ मध्ये, लॅटिन चर्चचे दीक्षित सेवक, कायमस्वरूपी डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) वगळता, सामान्यतः ब्रह्मचारी पुरुषांमधून निवडले जातात, असं येतं. पुस्तक तेच, पान जवळजवळ तेच, सूर तोच. आता संहिता उघडा. पहिली गोष्ट कॅनन १०२४ मध्ये, दुसरी कॅनन २७७ मध्ये. इथेही दोन्ही कायद्याच्या त्याच कोरड्या भाषेत. म्हणजे दोन्ही गोष्टी दोन्ही पुस्तकांत आहेत, आणि तरीही त्यांची जात पूर्ण वेगळी आहे.

ब्रह्मचर्याचा नियम ही शिस्त आहे. प्राचीन, मोलाची, चर्चने जिवापाड जपलेली, पण शिस्त. याची साक्ष कॅटेकिझम स्वतःच लगेच पुढच्या परिच्छेदात देतो: १५८० मध्ये पौर्वात्य चर्चेसमध्ये विवाहित पुरुषांना गुरुदीक्षा दिली जाते हे सांगितलंय, आणि तिथल्या संहितेतही ते मान्य आहे. लॅटिन चर्चमध्येसुद्धा अँग्लिकन पंथातून आलेल्या विवाहित धर्मगुरूंना सूट देऊन दीक्षा दिली गेली आहे. १०२४ ला अशी सूट नाही. १५७७ मध्ये कारण दिलंय ते चर्चच्या सोयीचं किंवा परंपरेच्या सौंदर्याचं नाही. प्रभूने बारा पुरुष निवडले आणि त्या निवडीने चर्च स्वतःला बांधलेलं मानतं, हे ते कारण. १९९४ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी ‘चर्चला हा अधिकारच नाही’ अशा अर्थाचं निवेदन करून हे मत सर्व भाविकांनी निश्चितपणे धरायचं आहे असं ठरवलं. कुणाला हे पटेल, कुणाला नाही. इथे मुद्दा वाचनाचा आहे. ‘लग्न झालेले धर्मगुरू आणि स्त्री धर्मगुरू, दोन्ही मागण्या सारख्याच’ असं बाजूने किंवा विरोधात लिहिणाऱ्याने हे चार परिच्छेद वाचलेले नाहीत, एवढं नक्की समजावं.

तेव्हा सिद्धांत आणि शिस्त यांच्यामधली रेषा दोन पुस्तकांच्या मधून जात नाही. ती दोन्ही पुस्तकांच्या आतून जाते, कधी एकाच परिच्छेदातून, कधी एकाच कॅननमधून.

एकाच कॅननमधून कशी, याचं माझं आवडतं उदाहरण १०९१ चं आहे: रक्ताच्या नात्यातलं लग्न. सरळ वंशरेषेत, म्हणजे आईवडील-मुलं, आजोबा-नात असं कुठेही, लग्न अवैध. आडव्या नात्यात चौथ्या पायरीपर्यंत अवैध. पायऱ्या मोजायच्या त्या समान पूर्वज सोडून दोन्ही बाजूंची माणसं मोजून: सख्खी भावंडं दुसऱ्या पायरीवर, काका-पुतणी तिसऱ्या, चुलत किंवा मामे भावंडं चौथ्या. कॅननमध्ये सगळ्यांना एकच शब्द लावलाय, अवैध. पण मागे जाऊन १०७८ वाचला की दिसतं, सरळ रेषेत आणि आडव्या दुसऱ्या पायरीवर सूट कधीच देता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीला ती दरवाजाबंदी नाही. म्हणजे एका टोकाला चर्च ज्याला हात लावत नाही ते, दुसऱ्या टोकाला चर्चने स्वतः आखलेली हद्द. ही हद्द इतिहासात हललेलीही आहे: १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने मनाई सातव्या पायरीवरून चौथीवर आणली, १९८३ च्या संहितेने मोजण्याची रीतच बदलली. भावंडांच्या लग्नाची मनाई मात्र या बदलांत जागची हलली नाही.

म्हणून समोरचं वाक्य कुठल्या जातीचं आहे हे ओळखताना माझा पहिला प्रश्न ‘यातून सूट मिळू शकते का?’ हाच असतो. कॅनन ८५ नुसार सूट म्हणजे निव्वळ चर्चने केलेल्या कायद्याची एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरती शिथिलता. ‘निव्वळ’ हा शब्द तिथे उगाच नाही. जो कायदा चर्चने केलेला नाही, देवाने घालून दिलेला आहे असं चर्च मानतं, त्यातून सूट द्यायला चर्चकडे काही उरतच नाही. दुसरी खूण म्हणजे ‘लॅटिन चर्चमध्ये’ किंवा ‘आपापल्या चर्चच्या नियमानुसार’ असे शब्द. ख्रिस्तप्रसादाआधीच्या (कम्युनियनआधीच्या) उपवासाबद्दल कॅटेकिझमचा परिच्छेद १३८७ तास सांगतच नाही, आपल्या चर्चने सांगितलेला उपवास पाळा म्हणतो. तासाचा आकडा कॅनन ९१९ मध्ये सापडतो. आणि तो आकडा पोप बारावे पियस यांच्या काळापर्यंत मध्यरात्रीपासून होता, १९५७ मध्ये तीन तासांवर आला, १९६४ मध्ये सहावे पॉल यांनी एका तासावर आणला.

इथे एक चीड बोलून टाकतो. शिस्त बदलू शकते हे कळलं की काही वाचक लगेच ‘मग पाळली नाही तरी चालेल’ इथे उडी मारतात. बदलू शकणारा कायदा बदलेपर्यंत कायदाच असतो. एका तासाचा उपवास उद्या अर्ध्या तासाचा होऊ शकेल म्हणून आज तो ऐच्छिक ठरत नाही. संहितेत सूट, वय, आजारपण, अशक्यता यांची नीट सोय आहे. ती सोय वापरावी, स्वतःची नवी बनवू नये.

आता त्या पहिल्या वाक्याकडे, कॅटेकिझममध्ये असलेलं सगळं अढळ मानणाऱ्यांकडे. कॅटेकिझम तयार करणाऱ्या आयोगाचे प्रमुख कार्डिनल रॅटझिंगर होते, पुढचे सोळावे बेनेडिक्ट. त्यांनीच स्पष्ट केलं होतं की त्यातल्या प्रत्येक शिकवणीचं वजन तिला आधीपासून आहे तेवढंच. कॅटेकिझममध्ये आल्याने ते वाढत नाही. १९५० मध्ये पोपने गंभीरपणे घोषित केलेलं मरियेचं स्वर्गोन्नयन (तिचं देहासह स्वर्गात घेतलं जाणं) आणि एखाद्या सामाजिक प्रश्नावरचा विवेकी सल्ला हे एकाच टाइपात, एकामागोमाग क्रमांकांत छापलेले आहेत. क्रमांक समान आहेत, वजन नाही. देहदंडावरचा परिच्छेद २२६७ तर दोनदा बदललाय: १९९७ च्या लॅटिन आवृत्तीत, आणि २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी देहदंड अस्वीकार्य ठरवला तेव्हा. व्हॅटिकनने त्याला शिकवणीचा विकास म्हटलं. टीकाकारांचं म्हणणं वेगळं आहे. पण परिच्छेदाचा मजकूर बदलला हे दोघांनाही मान्य आहे.

मग वजन ओळखायचं कसं? गंमत अशी की याचं सर्वात आटोपशीर उत्तर कॅटेकिझमपेक्षा संहितेत सापडतं, कॅनन ७४९ ते ७५२ मध्ये. देवाने प्रकट केलेलं म्हणून चर्चने मांडलेलं ते श्रद्धेने मानायचं. त्याच्याशी अतूट जोडलेलं, निश्चितपणे मांडलेलं ते ठामपणे धरायचं. हे उपकलम १९९८ मध्ये घातलं गेलं. आणि पोप किंवा बिशपमंडळ आपल्या शिकवण्याच्या अधिकारात, पण अंतिम निर्णय म्हणून नाही, जे शिकवतात त्याला बुद्धीची आणि इच्छेची आदरपूर्वक संमती द्यायची. ७४९ चं तिसरं उपकलम तर मी प्रत्येक वादाच्या वर चिकटवायला तयार आहे: एखादी शिकवण अचूक, म्हणजे जिच्यात चूक असूच शकत नाही अशी, म्हणून घोषित झाली आहे हे उघडपणे सिद्ध असल्याशिवाय तसं मानायचं नाही. शंका असेल तर अचूकतेचा शिक्का नाही. शिक्का नाही म्हणून शिकवणच नाही, असंही नाही. पण ‘अचूक’ आणि ‘काहीही’ यांच्या मधल्या पायऱ्या लोकांना दिसतच नाहीत.

वैध (कृती खरोखर घडली, टिकली) आणि कायदेशीर (ती नियम पाळून केली) यांचा घोळ त्यामानाने सोपा आहे. कॅथलिक व्यक्तीने दुसऱ्या पंथातल्या, स्नानसंस्कार झालेल्या ख्रिस्ती व्यक्तीशी परवानगीविना लग्न केलं तर नियम मोडला, पण तेवढ्याने लग्न अवैध होत नाही (११२४). स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी सूट न घेता केलं तर लग्न अवैध (१०८६). कॅटेकिझमच्या १६३५ मध्ये हे दोन वाक्यांत दिलंय. कॅनन १० चा नियम लक्षात ठेवावा: कायद्याने स्पष्ट म्हटलं असेल तरच कृती अवैध. आणि कृपा करून विवाह अवैध ठरवण्याच्या प्रक्रियेला ‘कॅथलिक घटस्फोट’ म्हणू नये. घटस्फोट असलेलं लग्न मोडतो. चर्चचं न्यायालय लग्न मुळात झालंच होतं का ते तपासतं.

वाचायचा क्रम विचाराल तर माझं मत ठाम आहे: आधी कॅटेकिझम, मग त्याची तळटीप, मग तळटिपेत संहितेचा हवाला असेल तर तो कॅनन. उलट क्रमाने वाचणारे नियम पाठ करतात आणि त्यांचं कारण दुसऱ्याला विचारत बसतात. कॅटेकिझममधला बारीक टाइप ऐतिहासिक किंवा पूरक टिपणांचा आहे, तसं प्रस्तावनेतच (२०-२१) सांगितलंय. वादात तोच मजकूर मुख्य शिकवण म्हणून पुढे करू नये. कॅनन वाचताना आधीचे-नंतरचे पाच-सहा वाचावेत. कॅनन १७ शब्दांचा अर्थ मजकूर आणि संदर्भ धरूनच लावायला सांगतो, आणि १८ नुसार शिक्षा सांगणारा किंवा हक्क आवळणारा कायदा ताणून लावायचा नसतो.

शेवटी आवृत्ती बघा. विवाहखटल्यांचे कॅनन २०१५ मध्ये बदलले, लग्न अवैध ठरायला आता पूर्वीसारखी दोन एकसारख्या निकालांची गरज नाही. शिक्षांचा सहावा खंड ८ डिसेंबर २०२१ पासून नव्याने लागू आहे. जुन्या पीडीएफवरून गर्भपाताबद्दल ‘कॅनन १३९८’ असा हवाला अजून सर्रास दिला जातो. ते कलम आता १३९७ चं दुसरं उपकलम आहे. आजच्या संहितेत १३९८ उघडलं तर तिथे धर्मगुरूंनी अल्पवयीनांवर केलेल्या लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा आहे.