वजनकाट्यावरचा दुसरा आकडा

घरातल्या डिजिटल काट्यावर उभे राहिले की हल्ली दोन आकडे दिसतात : वजन आणि शरीरातील चरबीची टक्केवारी. दोन्ही दशांश चिन्हासह येत असल्याने सारखेच विश्वासार्ह वाटतात. पण पहिला मोजलेला असतो आणि दुसरा हिशेबाने काढलेला.

वजनाची गोष्ट जुनी आहे. इटलीतील पादुआचा वैद्य सांतोरिओ तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवत असे आणि खाल्लेले, प्यायलेले व शरीराबाहेर पडलेले यांचा मेळ घालत असे. मेळ बसत नाही, काही वजन घाम व श्वासावाटे नकळत उडून जाते, हे त्याने 1614 च्या ग्रंथात मांडले. सकाळ-संध्याकाळच्या वजनात पडणारा फरक म्हणजे काट्याचा दोष नव्हे, हे तेव्हापासूनच ठाऊक आहे. आजच्या काट्यात दाबाने किंचित वाकणाऱ्या धातूवरचे विद्युत संवेदक असतात. कडक, सपाट फरशीवर ते वजन पुरेसे अचूक दाखवतात, गालिच्यावर मात्र फसतात.

चरबीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी 1942 मध्ये, 'अतिवजनी' ठरणाऱ्या धडधाकट फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलून, त्यांचे जादा वजन स्नायूंचे असल्याचे दाखवले. पाण्याखालच्या वजनावरून शरीराची घनता कळते, आणि चरबीची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 0.9 ग्रॅम आणि उर्वरित शरीराची सुमारे 1.1 धरून हा हिशेब होतो. म्हणजे प्रमाण मानली गेलेली ही कसोटीसुद्धा गृहीतकावरच उभी होती. पुढे 1962 मध्ये फ्रान्समधील टोमासे यांनी त्वचेखाली सुया टोचून शरीराचा विद्युतरोध मोजला. स्नायूंत पाणी भरपूर, म्हणून त्यांतून वीज सहज वाहते. चरबीत पाणी कमी. रोधावरून पाणी, पाण्यावरून चरबीविरहित भाग (त्यात सुमारे 73 टक्के पाणी धरून) आणि वजाबाकीने चरबी, अशी ही तिपेडी अनुमानाची साखळी आहे. नव्वदच्या दशकात जपानच्या टॅनिटा कंपनीने सुयांऐवजी तळपायांखाली धातूच्या पट्ट्या बसवून तीच युक्ती घराघरांत आणली. अशा काट्यात अत्यल्प प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. पोटाच्या चरबीची त्याला फारशी खबर लागत नाही. त्यातच तहान, नुकतेच झालेले जेवण वा व्यायाम यांनी आकडा सहज हलतो.

उरलेली उणीव काट्यात भरलेले समीकरण भरून काढते, आणि खरी मेख तिथेच आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांचा शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) 22.3 असा एकच होता, पण चरबी मात्र अनुक्रमे 21.2 आणि 9.1 टक्के भरली. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह ही तुलना प्रसिद्ध झाली. ते मोजमाप क्ष-किरणांवर आधारित होते. घरगुती काटा वजन, उंची, वय व लिंग समीकरणात घालून उत्तर देतो. ते समीकरण कोणत्या लोकांच्या शरीरांवरून बांधले, हे खोक्यावर सहसा छापलेले नसते.