राष्ट्रीय पुरस्कार की फिल्मफेअर? जुन्या नटनट्यांच्या बाबतीत होणारी गल्लत

दिलीपकुमार यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे आठ फिल्मफेअर मिळाले, पण अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार एकदाही नाही. नूतन यांचंही तसंच. 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी', 'मिलन', 'मैं तुलसी तेरे आँगन की' असे मुख्य भूमिकेचे पाच फिल्मफेअर, राष्ट्रीय एकही नाही. प्रश्नमंजूषेत इथेच अनेकांची विकेट पडते, कारण एवढ्या मोठ्या कलाकाराला 'नॅशनल' मिळालं नसेल हे पटतच नाही.

बरंचसं उत्तर तारखांमध्ये आहे. दोन्ही पुरस्कार 1954 साली सुरू झाले. फिल्मफेअरचा पहिला सोहळा 21 मार्च 1954 रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात झाला. पुरस्कार पाचच होते, त्यात अभिनयाचे दोन: दिलीपकुमार ('दाग') आणि मीनाकुमारी ('बैजू बावरा'). राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र सुरुवातीला चित्रपटांचा गौरव व्हायचा. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार आले ते थेट पंधराव्या वर्षी, 1967 च्या चित्रपटांसाठी. म्हणजे 'देवदास', 'मदर इंडिया', 'बंदिनी' यांतल्या भूमिकांना तो मिळणं शक्यच नव्हतं. नर्गिस यांना 'मदर इंडिया'साठी मिळालं ते फिल्मफेअर. राष्ट्रीय मिळाला तो 'रात और दिन'साठी, आणि त्याच वर्षी अभिनेत्यांमध्ये बंगालीचे उत्तमकुमार पहिले मानकरी ठरले. 1967 च्याच चित्रपटांचे फिल्मफेअर दिलीपकुमार ('राम और श्याम') आणि नूतन ('मिलन') यांच्याकडे गेले. एकाच वर्षीची चार वेगळी नावं, त्यामुळे यादी वाचताना वरचं शीर्षक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सुरुवातीच्या वर्षांत राष्ट्रीय अभिनय पुरस्कारांना 'भरत' आणि 'उर्वशी' म्हणत. दक्षिणेतल्या शारदा आजही 'उर्वशी शारदा' म्हणून ओळखल्या जातात, ते यामुळेच. जुन्या कात्रणात 'भरत पुरस्कार' दिसला तर तो सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार समजायचा.

सहाय्यक भूमिकांत घोळ आणखी वाढतो. फिल्मफेअरने हा विभाग 1955 मध्येच सुरू केला आणि 'बादबान'साठी उषा किरण त्याच्या पहिल्या मानकरी ठरल्या. पुढे 'अनाड़ी'साठी ललिता पवारांना तो मिळाला. राष्ट्रीय पुरस्कारांत सहाय्यक अभिनयाचा विभाग 1984 च्या चित्रपटांपासून आला, आणि अभिनेत्रींमधला पहिलाच रोहिणी हट्टंगडी यांनी 'पार्टी'साठी पटकावला. त्यांचं 'अर्थ'साठीचं फिल्मफेअर वेगळं. तेव्हा ललिताबाईंच्या नावापुढे कोणी सहाय्यक भूमिकेचा राष्ट्रीय पुरस्कार लिहिला, तर 'अनाड़ी'च्या काळात तो विभागच नव्हता एवढं सांगितलं की पुरे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते वर्षात. राष्ट्रीय पुरस्कारासाठी त्या वर्षी 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट धरला जातो. चित्रपटगृहात लागणं हा तिथे निकष नाही. फिल्मफेअर प्रदर्शनाचं वर्ष धरतं आणि सोहळा त्याच्या पुढच्या वर्षी होतो. 'चक्र'मुळे हे नीट कळतं. स्मिता पाटील यांना या चित्रपटासाठी 1980 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ('भूमिका'नंतरचा दुसरा). चित्रपट लागला 1981 मध्ये, आणि फिल्मफेअर आलं 1982 च्या सोहळ्यात. त्या फिल्मफेअरच्या शर्यतीत समोर होत्या 'उमराव जान'च्या रेखा, ज्यांना 1981 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. म्हणजे दोघींची खरी गाठ पडली ती फिल्मफेअरमध्ये. राष्ट्रीयमध्ये त्या वेगवेगळ्या वर्षांत होत्या. 'उमराव जान'साठी रेखांना फिल्मफेअर मिळालं असं सर्रास लिहिलं जातं, पण त्यांचं फिल्मफेअर 'खूबसूरत'साठी, आदल्याच वर्षीचं.

सई परांजपे यांच्या 'स्पर्श'मध्ये तर हे अंतर वर्षानुवर्षांचं आहे. नसीरुद्दीन शाह यांना त्यासाठी 1979 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण चित्रपटाचं प्रदर्शन रखडलं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं फिल्मफेअर 'स्पर्श'ला मिळालं ते 1985 च्या सोहळ्यात. आधी पुरस्कार आणि मग प्रेक्षक, असा उलटा प्रवास झाल्याने तारखा चुकीच्या वाटतात, पण त्या बरोबर आहेत.

दोन्हीकडची दाद वेगवेगळ्या कामांना मिळते, त्याचं संजीवकुमार यांच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. राष्ट्रीय 'दस्तक' आणि 'कोशिश'साठी, मुख्य भूमिकेचं फिल्मफेअर 'आँधी' आणि 'अर्जुन पंडित'साठी. चारही चित्रपट वेगळे. वहीदा रहमान यांचंही असंच: फिल्मफेअर 'गाइड' आणि 'नीलकमल'साठी, राष्ट्रीय 'रेश्मा और शेरा'साठी. राष्ट्रीय पुरस्काराला ज्युरी असते आणि सगळ्या भारतीय भाषांतला अभिनय एकाच पंगतीत बसतो. म्हणूनच 'जोगवा'साठी उपेंद्र लिमये किंवा 'अनुमती'साठी विक्रम गोखले देशातले सर्वोत्कृष्ट ठरू शकले. मुख्य फिल्मफेअर हिंदीपुरतं आहे. मराठीचं आणि दक्षिणेचं वेगळं.

जुना फोटो ओळखायचा असेल तर हातातली वस्तू बघा. हात उंचावलेली काळी स्त्री-आकृती म्हणजे फिल्मफेअर, शिल्पकार एन. जी. पानसरे यांची निर्मिती. अभिनयाच्या राष्ट्रीय पुरस्कारात रजत कमळाचं पदक आणि प्रमाणपत्र असतं. दादासाहेब फाळके पुरस्कार राष्ट्रीय पुरस्कारांसोबतच दिला जातो, पण तो एका भूमिकेसाठी नसून सगळ्या कारकिर्दीसाठी असतो. दिलीपकुमार यांना 1994 चा मिळाला तो हा.

शेवटी क्रमांकाबद्दल. पंधरावा राष्ट्रीय आणि पंधरावं फिल्मफेअर, दोन्ही 1967 च्याच चित्रपटांचे, त्यामुळे क्रमांक नेहमी जुळतात असा समज होतो. पण 1987 आणि 1988 मध्ये फिल्मफेअरचा सोहळा झालाच नाही. 33 वा 1986 मध्ये झाला आणि 34 वा थेट 1989 मध्ये. 'मिस्टर इंडिया'ला त्या काळात एकही फिल्मफेअर का मिळालं नाही, त्याचं उत्तर तेच. 'अग्निपथ'साठी अमिताभ यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार 38 वा, आणि त्याच 1990 च्या चित्रपटांचं फिल्मफेअर, जे सनी देओल यांनी 'घायल'साठी नेलं, ते 36 वं.