कड्यांत उतरलेला मे महिना

रावेर तालुक्यात माझ्या आतेभावाची, नानाची, छोटी वाइनरी आहे. रीतसर परवाना घेतलेला, राबणारी सगळी घरचीच माणसं, आणि फळ आपल्याच मळ्यातलं, म्हणजे केळी. वहिनी रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला टाकीतून उंच नळीभर रस काढते आणि त्यात रसातली साखर मोजणारा हायड्रोमीटर सोडते. काचेची ती कांडी हलायची थांबली की डोळा रसाच्या पातळीशी आणून आकडा वाचते आणि वहीत टिपते. गेल्या वर्षी नाना म्हणाला, "भो, तू कॉम्प्युटरवर चित्रं काढतो, आमच्या बाटलीसाठी एक काढ." वहिनीची वही चाळताना मला वाटलं, चित्र तर इथेच आहे.

मी करतो त्याला जनरेटिव्ह आर्ट म्हणतात. हल्ली हा शब्द ऐकला की लोकांना एआय आठवतं, पण ही कला त्याच्या कितीतरी आधीची आहे. इथे चित्रकार रेघ ओढत नाही, रेघ कशी ओढली जावी याचा नियम लिहितो. जर्मनीत गेओर्ग नेस यांनी १९६५ सालीच संगणकाने काढलेली चित्रं स्टुटगार्टला प्रदर्शनात मांडली होती. त्यांच्या एका गाजलेल्या चित्रात १२ चौकोनांच्या २२ ओळी आहेत. वरच्या ओळी अगदी शिस्तीत, आणि खाली येता येता चौकोन कलत, सरकत जातात, शेवटी खडी ओतल्यासारखे विखुरतात. नियम एवढाच की ओळ जितकी खालची तितकी मोकळीक जास्त. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी याच जातीची. "नऊ ते एक, मधले ठिपके" एवढं फोनवर सांगितलं तरी पलीकडच्या अंगणात ठिपक्यांची तीच मांडणी उमटते.

मोकळीक संगणक आणतो कुठून? तो खरा फासा टाकत नाही, हिशोब करतो. एक संख्या घ्या, तिला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी ठेवा. ७ पासून सुरुवात केली तर ६, मग १, मग ८, ११, १०, ५... अशी ० ते १५ मधली प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गाडी पुन्हा ७ वर येते. खऱ्या प्रोग्रॅममध्ये संख्या प्रचंड मोठ्या असतात, म्हणून क्रम लहरी वाटतो. सुरुवातीच्या संख्येला 'बी' म्हणतात. बी तेच असेल तर चित्रही तेच, आणि बी एकाने जरी बदललं तरी चित्र पार वेगळं.

मी आधी नेमकं हेच केलं. प्रत्येक टाकीच्या नोंदींपासून एक बी तयार केलं आणि त्यातून लेबलं काढली. चित्रं देखणी झाली. वहिनीने ती पलंगावर मांडली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "मे महिन्यात अडली होती ती टाकी यातली कोणती?" मला सांगता येईना. कुणालाच आलं नसतं, कारण बी म्हणून वापरलेला आकडा स्वतःचा अर्थ पुसून टाकतो. १२ आणि १३ यांचं नातं चित्रात उरतच नाही. आकडे वापरले होते, पण टाकीत घडलेलं चित्रात नव्हतं.

म्हणून टाकीत काय घडतं तिथपासून सुरुवात केली. हिरव्या केळीत साधारण पाचव्या हिश्श्याइतका स्टार्च असतो. साखर खाऊन अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव म्हणजे यीस्ट, त्यांना तो खाता येत नाही. फळ पिकताना त्याची साखर होते, म्हणून नाना सालीवर काळे ठिपके येईपर्यंत घड राखून ठेवतो. गर चिकट असतो, तो पेक्टिनमुळे. पेक्टिन मोडणारं एंझाइम घातलं की रस सुटतो. केळीत आंबटपणा कमी, म्हणून सायट्रिक अॅसिडही घालावं लागतं. मग यीस्ट. साखरेचे १८० ग्रॅम मोडले की जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरभर रसात २०० ग्रॅम साखर असेल तर वायू निघतो सुमारे ५० लिटर. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून त्या खोलीचं दार उघडं आणि पंखा चालू ठेवण्याबाबत नाना कुणाचं ऐकत नाही.

यीस्टची पेशी फुटवा काढून वाढते. लेकपेशी सुटली की आईच्या अंगावर गोल व्रण राहतो. सुरुवातीला मिलिलिटरमागे १० लाख पेशी असतात, त्या १० कोटींच्या आसपास जातात. हे शंभर पट होणं म्हणजे दुपटीचे फक्त सहा-सात फेरे. पुढे अन्न आटतं, अल्कोहोल वाढतं आणि वाढ मंदावते. आधी संथ, मग झपाट्याने, मग पुन्हा संथ अशा वाढीचं गणित बेल्जियमचे गणितज्ञ व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी मांडलं होतं.

नवा नियम साधा ठेवला. वहिनीच्या प्रत्येक नोंदीला एक कडं, एकात एक. दोन कड्यांमधलं अंतर म्हणजे त्या बारा तासांत साखर किती उतरली ते. (अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्याने शेवटी हायड्रोमीटर शून्याच्याही खाली जातो, तो फरक हिशोबात धरला.) चांगल्या टाकीचं चित्र झाडाच्या खोडासारखं दिसतं. आत कडी दाट, मध्ये ऐसपैस, कडेला पुन्हा दाट. मोकळीक ठेवली ती फक्त रेघेच्या थरथरीत. तिचं बी बाटलीचा क्रमांक, त्यामुळे एका टाकीच्या दोन बाटल्याही हुबेहूब सारख्या नाहीत.

मे महिन्यातली टाकी मग आपोआप ओळखू आली. आपल्याकडे त्या दिवसांत पारा ४५ पर्यंत चढतो, शिवाय किण्वनाची, म्हणजे रस आंबण्याची, स्वतःची उष्णता असते. ३५ अंशांच्या वर यीस्टवर ताण येतो, आणि उष्णतेच्या जोडीला अल्कोहोल आलं की पेशीचं आवरणच कमजोर पडतं. वहीत तीन दिवस सहा नोंदी जवळजवळ सारख्याच होत्या, सगळ्या ९ च्या आसपास, म्हणजे साखर उतरायचीच थांबली होती. चित्रात ती सहा कडी एकमेकांवर बसून एकच जाड काळी रेघ झाली. तिच्या बाहेर अंतरं पुन्हा उघडत गेली, कारण रस थंड करून, नवं यीस्ट थोड्या रसात सरावून वर ओतलं होतं.

ती रेघ जरा बारीक करू का, असं मी विचारलं होतं. नाना नको म्हणाला. आता घरी कुणी आलं की वहिनी ती बाटली काढते, काळ्या रेघेवर बोट ठेवते आणि सांगते, या तीन रात्री आम्ही गोणपाट भिजवून टाकीला गुंडाळत होतो.