पागोळ्या आणि एक अर्धविराम

पावसाचं रेकॉर्डिंग लावून झोपणाऱ्यांना हा त्रास ठाऊक असेल. दहा मिनिटांचा तुकडा संपून पहिल्यापासून सुरू होतो, तोच थेंब त्याच पन्हाळीवर पडतो, आणि कानाला ते एकदा कळलं की झोप गेली.

वातावरणाचे आवाज वाजवत राहणाऱ्या बूडलर या प्रोग्रॅममध्ये तसं होत नाही. मजकुरावर चालणाऱ्या संगणकखेळांसाठी ओळखले जाणारे अँड्र्यू प्लॉटकिन यांनी तो पायथॉन या संगणकभाषेत लिहिला. त्यात लांबलचक रेकॉर्डिंगऐवजी ‘एजंट’ नावाचे छोटे नियम असतात. कावळ्याच्या एजंटाला समजा सांगितलं, की एकदा ओरड, पट्टी जराशी वरखाली कर, डावी-उजवी बाजू मनाला येईल ती घे, आणि ५ ते २० सेकंदांत कधीतरी पुन्हा ऊठ. असे चार-पाच एजंट सोडले की रात्रभर तीच सकाळ दुसऱ्यांदा होत नाही. अडचण एवढीच, की वाजत असताना ‘आता सर वाढव’ म्हणायला हाताशी काही नसतं.

ते ‘हाताशी’ प्युअर डेटा या आवाजाच्याच दुसऱ्या प्रोग्रॅमकडे भरपूर आहे, म्हणून दोघांना जोडायचं. मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स हा प्रोग्रॅम घडवला. १९५७मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत संगणकाकडून आवाज काढून घेणाऱ्या मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून ते नाव पडलं. प्युअर डेटा हे त्याच घरातलं, १९९६चं, मोफत भावंड. इथे प्रोग्रॅम लिहायचा नाही, काढायचा: पडद्यावर चौकटी ठेवायच्या आणि तारांनी जोडायच्या. तारा दोन प्रकारच्या. आवाजाच्या तारेतून सेकंदाला साधारण ४४,१०० आकडे अखंड वाहतात. निरोपाची तार मात्र काही घडलं तरच जागी होते, आणि आपल्याला हीच पुरे. आवाज बूडलरच काढणार आहे.

या दोन प्रोग्रॅमांची जोडणी म्हणजे एकाच संगणकातला पत्रव्यवहार. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे ‘मीच’. प्युअर डेटाची ‘नेटसेंड’ चौकट निरोप धाडते, बूडलर कान देऊन बसतो. पण प्युअर डेटा प्रत्येक निरोपाच्या शेवटी अर्धविराम देतो, तर बूडलरच्या लेखी ओळ संपली की निरोप संपला. म्हणून ‘पाऊस ०.७’ पाठवलं तर पलीकडे ‘०.७;’ पोचतं, आणि पायथॉन त्याला आकडा मानायला तयार होत नाही. मध्ये दहा ओळींचा दुभाषी बसवून ते चिन्ह खोडायचं. एवढ्याशा खुणेपायी अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

पावसाचा जोर ठरवायला प्युअर डेटात ठेवलेली सरकपट्टी ओढली की सेकंदाला डझनावारी आकडे सुटतात. प्रत्येकावर थेंब पाडला तर पाऊस नव्हे, खडखडाट होईल. त्यामुळे एजंटाने आलेला आकडा नुसता टिपून ठेवावा आणि पुढच्या वेळी उठल्यावर वापरावा. मग सर हळूहळू दाटते. पट्टी शून्यावर आणली तरी आधीच नेमून दिलेले थेंब पडायचे राहत नाहीत. सर थांबल्यावरही पागोळ्या थोडा वेळ गळत राहतात.