गुडघा सांधारोपणानंतरचा तोल

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये कूर्चा झिजून निकामी झालेला गुडघा बदलल्यावर उभे राहताना, चालताना आणि वळताना शरीर सावरण्याची क्षमता हळूहळू परत येणे. दुखणे बहुधा आधी कमी होते, तोल मागाहून येतो. पाय दुखत नाही पण भरवशाचा वाटत नाही, असा हा मधला काळ पडण्याच्या दृष्टीने जोखमीचा असतो.

तोल सांभाळतात डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांतील स्थितीची जाणीव. झिजलेल्या गुडघ्यात ही जाणीव शस्त्रक्रियेआधीच मंदावलेली असते. शस्त्रक्रियेत पुढचा क्रूसबंध, म्हणजे गुडघ्यातील हाडे बांधून ठेवणारा आणि ही जाणीव देणारा एक अस्थिबंध, सहसा काढला जातो. मागचा ठेवायचा की नाही, हे कृत्रिम सांध्याच्या रचनेवर ठरते. पण ही जाणीव स्नायू, कंडरा आणि सांध्याच्या आवरणातूनही येते, म्हणून सरावाने ती सुधारता येते. खरी अडचण मांडीच्या पुढच्या स्नायूची आहे. सुजेमुळे त्याला मज्जासंस्थेकडून पुरेसा इशारा मिळत नाही आणि पहिल्या महिन्यात त्याची ताकद निम्म्याहून खाली जाऊ शकते. शिवाय वर्षानुवर्षे वाकडा पडलेला पाय आता सरळ झालेला असतो, म्हणून तोल नव्याने जुळवावा लागतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात दवाखान्याची सपाट फरशी संपली की उंच उंबरा, सोप्याची पायरी आणि पावसाळ्यात शेवाळलेले अंगण समोर येते. खानापूरकडे भाताचे निसरडे बांध आहेत. निपाणीत मांडी घालून विड्या वळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या बायकांना जमिनीवर बसणे-उठणे सर्वांत जड जाते. त्यांनी खुर्चीच वापरावी.

त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. पुढे काठी येते, ती बदललेल्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना बदललेला. नंतर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने ओट्याला धरून वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणे, एका पायावर उभे राहणे, टाचेला अंगठा लावून चालणे. घरचे लोक गुडघा किती वाकतो एवढेच विचारतात आणि तोलाचा सराव मागे पडतो, हे फार चुकीचे आहे. साधी चाचणी अशी: खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. ज्येष्ठांना 12 सेकंदांहून अधिक लागले तर पडण्याचा धोका समजतात.

रात्री वीज गेली की डोळ्यांचा आधार तुटतो आणि सगळा भार त्या नवख्या पायाच्या जाणिवेवर येतो. उशाशी बॅटरी ठेवावी, न्हाणीत धरायला दांडा बसवून घ्यावा.